बाप्तिस्मा आणि तारण: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना सुटली की दाराशी हस्तांदोलन चालू असतं, तेवढ्यात कोणीतरी कोपर धरून बाजूला घेतं. "बाई, एक विचारायचं होतं." बाप्तिस्म्याची तयारी करून घेणारा वर्ग मी बरीच वर्षं घेते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात, हल्ली व्हॉट्सॲपवर रात्री अकरालाही येतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून इथे एकत्र लिहिली. आमची मंडळी (चर्च) अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची, म्हणजे १८१३ साली मुंबईत सुरू होऊन पुढे नगर, सोलापूरकडे आलेल्या मिशनची. माझा कल कुठे आहे ते त्यामुळे लपणार नाही. इतरांचं म्हणणं मात्र त्यांना स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडायचा प्रयत्न केला आहे.

१. फिरवून नको, सरळ सांगा: बाप्तिस्म्याशिवाय तारण होतं की नाही?

तारण, म्हणजे पापातून सुटका, ख्रिस्त करतो, आणि बाप्तिस्मा घ्यायला त्यानेच सांगितलं आहे. ज्याला तो मिळालाच नाही त्याला देव पाण्यावाचून अडवून ठेवत नाही. ज्याला मिळत असून नको आहे, त्याने आपल्याला नेमकं काय नको आहे ते तपासावं. दोघांना एकच उत्तर देता येत नाही, आणि पुढचे बहुतेक प्रश्न यातून निघतात.

२. बाप्तिस्मा म्हणजे नेमकं काय? नाव बदलतात ते का?

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने केलेला हा विधी. ही आज्ञा मत्तय २८:१९ मध्ये आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल त्याचा अर्थ सांगतो: ख्रिस्ताबरोबर पुरले जाणं आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं. कॅथलिक लोक याला स्नानसंस्कार म्हणतात.

नाव बदलण्याची सक्ती कुठेच नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, पुढे ते रेव्हरंड झाले, तरी नारायण वामनच राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही लक्ष्मीबाईच.

३. मार्क १६:१६ मध्ये विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही लिहिलंय. मग एक सोडून कसं चालेल?

वचन पूर्ण वाचा. पहिल्या अर्ध्यात विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं तारण होईल असं आहे. दुसऱ्या अर्ध्यात शिक्षा कोणाला? विश्वास न धरणाऱ्याला. "बाप्तिस्मा न घेणाऱ्याला" असं तिथे म्हटलेलं नाही. ज्यांना बाप्तिस्मा अनिवार्य वाटतो ते म्हणतात, विश्वासच नसेल तर बाप्तिस्म्याचा प्रश्न उरतोच कुठे, म्हणून दुसऱ्यांदा लिहिला नाही. तेही तर्काला धरून आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना प्रथमच कळते आणि दचकवते. मार्काच्या शेवटच्या अध्यायातल्या ९ ते २० या ओळी सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत नाहीत. त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही, मंडळी त्या शतकानुशतकं वाचत आली आहे. पण एवढा मोठा सिद्धांत या एका वचनावर उभा करू नये.

४. येशू निकदेमाला "पाण्यापासून" म्हणाला, ते पाणी कोणतं?

योहान ३:५. पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. प्राचीन मंडळीचे आचार्य जवळजवळ एकमुखाने सांगतात की हे पाणी बाप्तिस्म्याचं. काहींच्या मते ते आईच्या पोटातल्या जन्माचं. मला हे दुसरं ओढूनताणून वाटतं. जन्मलेल्या माणसाला "तू आधी जन्म घे" कोण सांगेल?

तिसरं मत यहेज्केल ३६ कडे बोट दाखवतं. तिथे देव म्हणतो की मी तुमच्यावर शुद्ध पाणी शिंपडीन आणि तुम्हाला नवा आत्मा देईन. निकदेम शास्त्राचा शिक्षक होता, म्हणून "तुला हे कळत नाही?" हा येशूचा टोमणा इथे बरोबर बसतो. माझा कल याकडे. पण त्याच अध्यायात थोडं पुढे बाप्तिस्म्याचीच हकिकत येते, त्यामुळे दोन्ही पाणी एकमेकांपासून अगदी तोडताही येत नाहीत.

५. पेत्र तर स्पष्टच म्हणतो की बाप्तिस्मा तारतो. आता?

म्हणतो, आणि त्याच दमात खुलासाही करतो. १ पेत्र ३:२१ वाचा: अंगाचा मळ धुणं असा त्याचा अर्थ नाही, शुद्ध विवेकभावाने देवाकडे वळणं हा आहे, आणि हे सगळं येशूच्या पुनरुत्थानामुळे. पाण्याला स्वतःची शक्ती आहे असं पेत्राला म्हणायचं असतं तर "मळ" हा शब्द आणायची त्याला गरजच नव्हती.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (कृत्ये २:३८) तोच पेत्र पश्चात्ताप करा आणि पापक्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या असं सांगतो, आणि त्या दिवशी सुमारे ३००० लोक बाप्तिस्मा घेतात. "साठी" या शब्दापाशी ग्रीकमध्ये "एइस" आहे. त्याचा अर्थ "मिळावी म्हणून" की "मिळाली आहे त्या संदर्भात", यावर ढीगभर कागद खर्च झाला आहे. चर्चेस ऑफ ख्राइस्ट या मंडळ्या पहिला अर्थ धरतात आणि पापक्षमा बाप्तिस्म्यातच मिळते असं शिकवतात.

मी वर्गात कृत्येचाच दहावा अध्याय उघडायला लावते. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्र बोलतोय, भाषण संपलेलंही नाही, तोच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. बाप्तिस्मा अजून व्हायचाच आहे! पेत्रासोबत आलेले यहूदी भाऊ थक्क होतात. मग पेत्र काय म्हणतो? "झालं की यांचं, आता पाणी कशाला" असं नाही म्हणत. यांना आत्मा मिळाला आहे, तर पाणी कोण अडवणार, असं म्हणून बाप्तिस्मा करायला लावतो. क्रम उलटा झाला तरी दोन्ही गोष्टी सुटल्या नाहीत.

पौलाचंही जोडीला ठेवा. करिंथमध्ये गट पडले तेव्हा तो देवाचे आभार मानतो की आपण क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरच्यांशिवाय कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. ख्रिस्ताने आपल्याला सुवार्ता सांगायला पाठवलं. तारण फक्त पाण्यातच असतं तर असे आभार कोण मानेल?

६. क्रूसावरच्या चोराचा बाप्तिस्मा कुठे झाला होता?

येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेल्या त्या चोराचा झाला नव्हता, म्हणजे निदान लूक तरी तसं सांगत नाही. "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे वचन त्याला मिळालं (लूक २३:४३). काही जण म्हणतात की तो ख्रिस्ती बाप्तिस्मा स्थापन होण्याआधीच मेला, म्हणून त्याचा दाखला लागू नाही. मला तो लागू वाटतो. देव पाण्याशिवाय तारू शकतो, हे त्यातून दिसतं.

फक्त हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा धडधाकट असतो, दुचाकीवरून येतो आणि तीन वर्षं वर्ग टाळत असतो. त्याला मी एवढंच म्हणते, "दादा, तुमच्या हातापायांत खिळे नाहीत."

७. कॅथलिक मैत्रीण म्हणते स्नानसंस्काराशिवाय तारण नाही, आमचे पाळक म्हणतात विश्वास पुरे. खरं कोणाचं?

दोघांनाही थोडं पुढे बोलू द्या. कॅथलिक शिकवण कडक आहे. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्ये बाप्तिस्मा ऐच्छिक म्हणणाऱ्यांचा निषेध केला. पण १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आवश्यकता कोणासाठी ते सांगितलं आहे: ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचली आणि ज्यांना बाप्तिस्मा मागण्याची संधी होती त्यांच्यासाठी. देवाने तारण या संस्काराशी बांधलं आहे, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, हे वाक्य तिथलंच. बाप्तिस्म्याआधी विश्वासापायी जीव गेला तर तो रक्ताचा बाप्तिस्मा. घेण्याची तयारी चालू असताना मरण आलं तर इच्छेचा बाप्तिस्मा.

लुथरन मंडळ्यांचा १५३० चा आउग्सबुर्ग विश्वासनामाही बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक म्हणतो, हे आपल्याकडे बऱ्याच प्रोटेस्टंटांना माहीत नसतं. सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर विश्वासनामा म्हणतो की बाप्तिस्म्याची हेळसांड मोठं पाप आहे, पण त्याच्यावाचून कोणाला नवा जन्म मिळूच शकत नाही असं नाही. आमची शिकवण याच्या जवळची. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या आधी विश्वास, मग आज्ञापालन म्हणून बाप्तिस्मा असं सांगतात. आणि मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी? नगरचं त्यांचं हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक, पण ते लोक बाप्तिस्मा देतच नाहीत. म्हणून ते ख्रिस्ती नाहीत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणजे तुमची मैत्रीण आणि तुमचे पाळक वाटतात तितके लांब उभे नाहीत. अंतर आहे ते बाप्तिस्म्यात देव काय *करतो* यावर: पाण्याद्वारे कृपा देतो, की दिलेल्या कृपेवर शिक्का मारतो.

८. बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. ते कुठे आहे?

देवापाशी. माझं उत्तर एवढंच आहे आणि मी ते कुजबुजत देत नाही. बाळकांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणाऱ्याच्या हातात ते आहे. कॅथलिक मंडळीतही एके काळी "लिंबो" नावाच्या कडेच्या जागेची कल्पना होती, पण ती कधीच सक्तीचा सिद्धांत झाली नव्हती. २००७ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. त्या घरी जाऊन "अजून पंधरा दिवस आधी केला असता तर" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे उत्तर दोनदा वाचावं.

९. तान्ह्या बाळाला विश्वास कसला? मग त्याचा बाप्तिस्मा का करता?

बाजूने म्हणणारे लुदिया आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी यांची "घरच्यांसह" बाप्तिस्मा घेतल्याची उदाहरणं देतात, आणि सुंतेशी नातं जोडतात: आठ दिवसांच्या बाळालाही कराराची खूण मिळत होती. विरोधात म्हणणारे विचारतात की त्या घरांत तान्ही मुलं होती हे कुठे लिहिलंय? लिहिलेलं नाही, खरं आहे.

१९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन असे वेगवेगळे लोक एकत्र आले. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या: बाळाचा बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण (समज आल्यावर स्वतः विश्वासाची कबुली देणं), किंवा बाळाचं समर्पण आणि समज आल्यावर बाप्तिस्मा. मला हा तोडगा आवडतो. मात्र बाळाचा बाप्तिस्मा करून, वाढदिवसासारखा केक कापून, पुढे पंधरा वर्षं मंडळीकडे न फिरकणारे पालक कोणत्याच रीतीत बसत नाहीत.

१०. माझा लहानपणी शिंपडून झाला. नवी मंडळी म्हणते तो धरत नाही, परत बुडवून घ्या.

आम्ही परत देत नाही. इफिस ४:५ मध्ये "एकच बाप्तिस्मा" आहे. कृत्ये १९ मध्ये पौलाने बारा-एक माणसांना परत दिला हे खरं, पण त्यांचा आधीचा बाप्तिस्मा येशूच्या नावाने नव्हे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा होता. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा मुळात बाप्तिस्माच वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने ते "परत" देत नसतात, पहिल्यांदाच देत असतात. त्यांच्याशी भांडायचं तर मुद्द्यावर, म्हणजे प्रश्न ९ वर भांडावं. पाणी किती होतं यावर नको.

पाण्याचं माप तर फार पूर्वीच ठरून गेलंय. "दिदाखे" ही अगदी सुरुवातीच्या मंडळीची पुस्तिका सांगते: वाहत्या पाण्यात करा, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. लिहिणारा सोलापूरचा असावा असं मला नेहमी वाटतं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ओळखीच्या एका मंडळीत बुडवून बाप्तिस्मा देतात. तिथे मे महिन्यात कुंड भरायला घरोघरचे लोक कॅन घेऊन आले होते. कुंड कमरेएवढंही भरलं नाही. पाळकांनी उमेदवारांना गुडघ्यावर बसवून मागे झुकवलं. नंतर तेच पाणी बादल्यांनी झाडांना घातलं.

११. चंद्रभागेत स्नान केलं की पाप जातं म्हणतात. तुमचं पाणी वेगळं काय?

हा प्रश्न हिंदू शेजाऱ्यांकडून येतो आणि प्रामाणिक असतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, वारीतलं स्नान लोकांनी लहानपणापासून पाहिलेलं. आमच्याकडे पाण्याला तीर्थाचं महत्त्व नाही. नळाचं, बोअरचं, टँकरचं कुठलंही चालतं. आणि ते एकदाच. दरवर्षी केलं की पुण्य साठतं, असा हिशोब त्यात नाही. यात्रेहून यार्देन नदीचं पाणी बाटलीत घेऊन येणाऱ्या आमच्या लोकांनाही हेच उत्तर.

१२. माणूस आयसीयूमध्ये आहे, पाळक पोचत नाहीत. दुसरं कोणी देऊ शकतं का?

कॅथलिक शिकवणीनुसार अशा प्रसंगी कोणीही, अगदी स्वतः बाप्तिस्मा न झालेली नर्ससुद्धा, देऊ शकते. अट एवढीच की मंडळीला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू हवा, डोक्यावर पाणी वाहायला हवं आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने "मी तुझा बाप्तिस्मा करतो" हे शब्द हवेत. शब्दांबाबत ते काटेकोर आहेत: "मी" ऐवजी "आम्ही" म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं व्हॅटिकनने २०२० मध्ये जाहीर केलं. आमच्याकडे हे काम पाळकांचं; पण ते वेळेत आले नाहीत म्हणून माणूस हातचा गेला असं आम्ही मानत नाही. प्रश्न १ पाहा.

शुद्धीवर असताना ज्याने कधी मागितलं नाही, त्याच्या कपाळावर चोरून पाणी लावू नका. ती प्रीती नाही.

१३. घरच्यांच्या भीतीने बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी ख्रिस्ती आहे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायका विचारतात. आमच्याकडे एक आजी यायच्या, विड्या वळणाऱ्या. मागच्या बाकावर, दाराजवळ. बोटांना तंबाखूचा वास, पदराखाली गीतांचं पुस्तक, वाचता येत नसलं तरी पान बरोबर उघडायच्या. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, सुरू झालं की उठून बाहेर पायरीवर बसायच्या, कारण बाप्तिस्मा नव्हता. मुलगे घराबाहेर काढतील अशी भीती होती, आणि ती खोटी नव्हती. वीस वर्षं असं चाललं.

नारायण वामन टिळकांना अशी माणसं दिसली होती. १९१७ मध्ये त्यांनी "देवाचा दरबार" काढला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. स्वतः बाप्तिस्मा घेऊन मोठी किंमत मोजलेल्या माणसाने हे करावं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तुमचा विश्वास देवाला ठाऊक आहे. भीती संपेपर्यंत थांबणाऱ्याला मी घाई करत नाही. मात्र भीती संपली आणि थांबणं तसंच राहिलं, तर मला सांगा.

१४. बाप्तिस्मा घेतला तर जातीचा दाखला जातो का?

हा कायद्याचा प्रश्न आहे, तारणाचा नव्हे, पण लोक एकाच श्वासात विचारतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही आहे; ख्रिस्ती झालेल्याला नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, त्यात तिच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद पुढे आली होती. निर्णयाआधी वकिलाला भेटा. आणि ज्याची मुलगी शिष्यवृत्तीवर शिकते आहे त्याला "तुमचा विश्वास कमी पडतो" म्हणणं, आपली पेन्शन चालू असताना, फार सोपं असतं.

१५. मुलीकडचे म्हणतात आधी बाप्तिस्मा, मग लग्न. असा घेतलेला चालतो का?

नोंदवहीत चालतो. कृत्ये ८ मधल्या शिमोन जादूगाराचाही झाला होता, आणि थोड्याच दिवसांत पेत्राला त्याला सांगावं लागलं की तुझं मन देवासमोर सरळ नाही. बाप्तिस्मा झाला म्हणजे तारण झालंच, असं धरणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा.

पण उलटही घडतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे आठ वर्षांनी कळलं असं त्यांनीच पुढे लिहिलं. त्यांनी परत बाप्तिस्मा मागितला नाही. नवरदेवाला आठ वर्षं द्यायला माझी हरकत नाही, फक्त वर्गाला यायला हवं.

१६. म्हातारपणी घेतला तर आयुष्यभराची पापं एकदम धुतली जातील ना?

ही युक्ती जुनी आहे. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरणाच्या थोडं आधी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या काळी असं पुष्कळ जण करत. त्याला मरणाची तारीख साधारण कळली होती. तुम्हाला कळली आहे का?

१७. वारलेल्या वडिलांसाठी मी बाप्तिस्मा घेऊ शकतो का?

नाही. १ करिंथ १५:२९ मध्ये मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे, पण पौल तसं करा असं सांगत नाही. मॉर्मन पंथाचे लोक करतात, बहुतेक मंडळ्या करत नाहीत.

१८. बाप्तिस्मा न झालेल्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळते का?

दफनभूमीचे नियम त्या त्या मंडळीचे असतात, पंचांना विचारा. कॅथलिक कायद्यात (१९८३) बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याचा अंत्यविधी सभासदासारखाच होतो, आणि आईवडिलांची बाप्तिस्म्याची इच्छा असताना गेलेल्या बाळाचाही बिशपांच्या परवानगीने होऊ शकतो. प्रश्न १३ मधल्या आजींचा प्रश्न आलाच नाही. मुलांनी त्यांच्या रीतीने दहन केलं. आम्ही सात-आठ जण मागे उभे होतो, कोणी हाकललं नाही.

१९. दाखला हरवला. बाप्तिस्मा सिद्ध कसा करू?

दाखला हरवला म्हणून बाप्तिस्मा हरवत नाही. जुन्या नोंदवह्या मंडळीच्या कपाटात आहेत. काहींना कसर लागली आहे, शाई तपकिरी झाली आहे, पण वाचता येतात. येताना आईवडिलांची पूर्ण नावं, अंदाजे साल आणि त्या वेळचे पाळक आठवत असतील तर त्यांचं नाव आणा. नुसतं "पाऊस होता त्या वर्षी" एवढ्यावर शोधता येत नाही, सोलापुरात तर आणखी नाही.

कुठेच नोंद सापडली नाही आणि साक्षीदारही उरले नाहीत, तर "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर" असे शब्द घालून सशर्त बाप्तिस्मा देण्याची रीत कॅथलिक आणि अँग्लिकन मंडळ्यांत आहे. कॅथलिक घरात लग्न करून जाणाऱ्या आमच्या मुलींना सहसा याची गरज पडत नाही, कारण पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला आमचा बाप्तिस्मा ते मान्य करतात. फक्त दाखला मागतात. लग्न ठरल्यावर नव्हे, ठरायच्या आधीच या. पत्रिका छापून झाल्यावर येणाऱ्यांसाठी मी भर उन्हात कपाट उपसायचं आता बंद केलं आहे.